प्रमुखाचं घर

३ नोव्हेंबर, सोमवार

साळुबाईचा दहावा झाला. गवत कापायला वाकली होती, बिबट्याने उसातून येऊन मानेलाच धरली. घाटावरच सगळ्यांनी ठरवलं — आता बास! मळ्यातल्या गोठ्यांना जाळी, जाळीचं दार, बाहेर दिवा. ओतूरचे पुखराजशेठ आले होते. साळुबाई त्यांच्याकडे कांदा निवडायला जायची. म्हणाले, "खर्च माझा. काम तुमचं."

मग नुसती ओरड. कुणी म्हणे आधी पिंजरा, कुणी म्हणे आधी रास्ता रोको. शेवटी सगळे माझ्याकडे वळले. शाळा सुटून किती वर्षं झाली, तरी भांडण लागलं की यांना बाई लागतात.

६ नोव्हेंबर

नारायणगावहून बिबट्यांवर काम करणाऱ्या संस्थेची स्नेहल आली. "काकू, आधी चार्टर." म्हणजे प्रकल्पाची सनद. काम का करायचं, किती करायचं, काय करायचं नाही, जबाबदार कोण, काय बिघडू शकतं — सगळं दोन पानांत, खाली शेठची सही. त्यानंतर बदल फक्त प्रमुखाच्या सहीने. मला पटलं.

ह्यांना नाही. "आमच्या टायमाला नारळ फोडला की काम सुरू व्हायचं." मग पंचायतीची टाकी अजून कोरडी का, विचारलं. हे बादली घेऊन धारेला गेले.

प्रमुख म्हणून एकच नाव हवं, समिती चालणार नाही. सगळ्यांच्या माना खाली. माझं लिहिलं.

९ नोव्हेंबर

उद्देश, पहिली ओळ: 'साळुबाईसारखं मरण या मळ्यात पुन्हा येऊ नये.' शेठ चाचरत म्हणाले, इथे आईचं, गुलाबबाईंचं नाव घालता येईल का? पाटीवर घाला, म्हटलं. इथे नाही.

जोखमीवरून मात्र पेटलं. साळुबाईचा भाऊ बहिरू म्हणाला, "बाई, असलं अभद्र लिव्हू नका. लिव्हलं का व्हतं." मी लिहिलंच — 'काम पूर्ण होण्याआधी आणखी एक माणूस जाऊ शकतो.' बहिरू चहा न घेता उठून गेला. जाऊ दे!

१४ नोव्हेंबर

शेठच्या पैशात मळ्यातले निम्मेच गोठे बसतात. कुठले, ते स्नेहलने ओढ्याकाठी फिरून, ठसे बघून ठरवलं. संध्याकाळी सगळ्यांसमोर वाचलं. पहिलं घर — आमचं. दोन्ही बाजूंनी ऊस, मागे ओढा, गोठा उघडा.

शेजारची शीला हसत म्हणाली, "बघा! म्हटलं न्हवतं, बाईंचं घर आधी!" सगळे हसले. गमतीतच. पण मी तिथल्या तिथे पेन घेतलं, नाव खोडलं आणि 'व्याप्तीबाहेर' या मथळ्याखाली लिहिलं — प्रमुखाचं घर.

"काकू, असा नियम नसतो. ठसे बघून ठरवायचं, लोकांची तोंडं बघून नाही."

माझा आहे, म्हटलं. शेठनी सही केली.

घरी आल्यावर हे म्हणाले, "म्हंजे बिबट्याला सनद दाखवायची व्हय? बाबा रे, हे प्रमुखाचं घर, हितं यायचं न्हाई!" हसू आवरेना त्यांना. मग जरा थांबून — "आपल्या पैशानं तरी मारू की जाळी." आत्ता मारली तर शेठच्याच मालातली म्हणतील, मी म्हणाले. लोकांची होऊ दे, मग बघू.

२२ नोव्हेंबर

शीला आली. दिराचा गोठा यादीत वाढवा, एकच. सनद बंद झाली, म्हटलं. रडली. चहा दिला, गोठा दिला नाही.

१ डिसेंबर

जाळ्या आल्या. पहिला गोठा शीलाचा. वेल्डरचं काम चोख. दाराला बोटभरही फट नाही.

आमच्या मागे ओढ्यात ताजे ठसे. हे पहाटे धारेला बसताना शेजारी काठी ठेवतात, मोबाइलवर मोठ्याने भजनं लावतात. "त्याला कंटाळा यील," म्हणतात. धार काढताना माणूस बसलेला असतो, वाकलेला असतो — हे मला कुणी सांगायला नको. लोकांच्या गोठ्यांचं झालं की वेल्डर आपल्याकडे, आपल्या पैशाने, असं शेवटी मीच म्हटलं. "आली का गाडी वळणावर, मास्तरीणबाई!"

४ डिसेंबर

शेवटचे दोन गोठे राहिले. वेल्डर सोमवारी आमच्याकडे येतो म्हणाला.

१६ डिसेंबर

काल ह्यांचा दहावा झाला. वेल्डरचा तो सोमवार यायच्या आतच बिबट्या गोठ्यात आला. मी धावत गेले तेव्हा गोठ्यात मोबाइल वाजतच होता.

शीलाने स्वतःच्या गोठ्याचं दार उचकटून आमच्या अंगणात आणून टाकलं. परत पाठवलं. बहिरू आला. दारात उभा राहिला.

स्नेहलने बदलाचा कागद आणलाय — प्रमुखाचं घर व्याप्तीत घ्यावं. खाली एकाच सहीची जागा. माझी.