अंगाहून लहान

ता. ९ नोव्हेंबर

प्रिय चिमे,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. फोनही केलास, मी घेतला नाही. बोलायला तोंड उघडलं की काय बाहेर पडेल याचा भरवसा नाही, म्हणून लिहायला बसलोय. मी बरा आहे. दुकान उघडतो, बंद करतो, मधल्या वेळात लोकांच्या पँटी आखूड करतो. जेवण होतं. चव विचारू नकोस.

लेकीच्या पोहण्याच्या निवडीच्या शर्यतीचं काय झालं, असं विचारलंस. आपली बेडकी पोहलीच नाही.

आधी त्या सूटचं सांगतो, म्हणजे तुला नीट कळेल. शर्यतीचा सूट साध्या पोहण्याच्या कपड्यांसारखा नसतो. खांद्यापासून गुडघ्याच्या वरपर्यंत, आणि मुद्दाम अंगाहून लहान. पाणी धरणार नाही असं विणलेलं कापड, जोड सगळे चिकटवलेले, टाका औषधालाही नाही. तो बोटांच्या पेरांनी थोडाथोडा वर सरकवायचा. नख लागलं की गेला. शेवटी मागून कोणीतरी दोन्ही पट्टे धरून जोर लावावा लागतो. हे काम तुझ्या वहिनीचं. मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीतून मायलेकी घामाघूम होऊन हसत बाहेर यायच्या, आणि मी दाराबाहेर पिशवी धरून उभा.

उन्हाळ्यात तुझी वहिनी गेली. पिशवी धरणारा तेवढा उरला.

त्या खोलीत बापाला जाता येत नाही. पोरगी एकटी सूट कसा चढवणार, हाच किडा माझ्या डोक्यात. रविवारी ती सरावाला गेल्यावर मी तो मशिनवर घेतला. दोन्ही काखांखालचे जोड उघडले आणि ताणणाऱ्या कापडाची बोटभर पट्टी आत बसवली. रंग जुळवला, टाके आतल्या बाजूने घातले. चिमे, इतकं साफ काम मी तुझ्या लग्नाच्या कपड्यांवरही केलं नव्हतं. मग घडी घालून जागच्या जागी ठेवून दिला. तिला सांगितलं नाही. म्हटलं, शर्यतीच्या दिवशी आपसूक चढेल, पोरगी खूश होईल.

चढला. तिला वाटलं, आपणच वाळलो.

पाण्यात उतरण्याआधी एक तपासनीस बाई प्रत्येकीचा सूट बघतात. मान्यतेचा छाप आहे ना, आत दुसरा सूट नाही ना. त्यांनी काखेखाली बोट फिरवलं आणि थांबल्या. नियम असा की सूट कारखान्यातून आला तसाच हवा, ठिगळ चालत नाही. बाई काही वाईट नव्हत्या. दुसरा असेल तर पटकन बदलून ये म्हणाल्या. सरावाचा सूट घरी दोरीवर वाळत होता, आणि मैत्रिणींपैकी कोणाचा तिच्या मापाचा नव्हता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शर्यत सुटली, तिची लेन मोकळी राहिली, आणि मी वर बाकावर बसून त्या मोकळ्या पाण्याकडे बघत होतो. रडू आलं नाही, रागही आला नाही. अजून काहीच येत नाही.

परतताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी म्हटलं, तू एकटी पडशील म्हणून केलं.

"बाबा, मी एकटी नव्हते," ती म्हणाली. "शेजारच्या लेनमधल्या मुलीच्या आईला मी आधीच विचारून ठेवलं होतं. पट्टे ओढायला आल्यासुद्धा होत्या त्या. तुम्ही मला विचारलं का नाही?"



आता खरं ते लिहितो, ज्यासाठी कागद घेतला. तिला तुझ्याकडे राहायला यायचंय. तुझ्या घराजवळचा तलाव, शाळा, सगळं तिनंच शोधलं. घरात भांडण नाही. माझ्याशी नीट बोलते, जेवताना मीठ मागते, आणि तेच मला सोसत नाही. थांब म्हणणार होतो, म्हटलं नाही. शुक्रवारी तिला गाडीत बसवून देतो.

एकच मागणं आहे. तुझा तिच्यावर जीव आहे, तू तिच्यासाठी काहीतरी करायला धावशील. आपल्या घराण्याची खोडच आहे ती. पण तिला विचारल्याशिवाय काही करू नकोस. चांगलंसुद्धा.

तुझा,
दादा