पानातलं मीठ

आई, गेलेल्या सासूला पत्र लिहिणारी सून तुम्ही कधी ऐकली नसेल. मीही ऐकली नव्हती. पण मिठाबद्दल बोलायला या घरात मला दुसरं कोणी उरलं नाही, आणि हा विषय तुमच्याशीच अर्धा राहिला होता. मला बीपी निघालं. तुम्हाला होतं तेच. तुमच्यासारखंच काही दुखत नाही, खुपत नाही. फक्त हल्ली सकाळी उठते तीच थकलेली उठते.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या सुमाराची गोष्ट आठवते का? तुमसरच्या आपल्या गल्लीत नर्सबाई आली होती. तिने तुमच्या हाताला पट्टा बांधला आणि सांगितलं, गोळी रोज घ्या, मीठ कमी करा. गोळी तुम्ही डोकं दुखलं तरच घ्यायच्या. "दुखतच नाई तं कायले खाऊ? फुकट भेटली म्हून?" मिठाचं त्याहून कठीण. आपल्याकडे तिन्ही वेळा भात, भाताच्या आधणातही मीठ, आणि पान वाढायला घेतलं की सगळ्यात आधी डावीकडे मीठ पडतं. फक्त देवाच्या नैवेद्याच्या पानात ते वाढत नाहीत. मी दुसऱ्या दिवशी तुमचं पान मिठाशिवाय वाढलं. तुम्ही पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काहून वं, मी का देव झाली? अजून जित्ती हाओ मी. वाढ मीठ." मला हसू आलं, तुम्हालाही आलं. आणि मी वाढलं.

मग तोड तुम्हीच काढली. एकादशीचं सेंधा मीठ. "उपासाले चालते, देवाले चालते, मंग बीपीले काहून नाई चालन?" मी मॅट्रिक झालेली, तरी मला ते पटलं. सेंधा साध्या मिठाहून महाग, पण घरखर्चात दुसरीकडे हात आखडून मी ते आणत राहिले. आणि ते पवित्र, म्हणून तुम्ही सैल हाताने घ्यायच्या. वरणावर, पेजेत, भातावर. आपण दोघी किती समाधानात होतो, पथ्य पाळतो म्हणून. मग एका सकाळी देवाच्या वाती वळता वळता तुमचा उजवा हात मांडीवरून उचलेना. लकवा. त्यानंतर तुम्ही जगलात तेवढे दिवस मी तुम्हाला पेज भरवली. वाचा गेलेली. पेज एका बाजूने ओघळायची, मी पदराने टिपायची. अळणी घास तोंडात गेला की तुम्ही डोळे मिटून घ्यायच्या. तेवढंच तुमचं बोलणं राहिलं होतं, आणि मला ते पूर्ण कळायचं.

आता इकडचं सांगते. मागच्या महिन्यात दवाखान्यात माझं बीपी दाखवायला गेले, तर तुमचा नातू सोबत आला. तुम्ही त्याला कडेवर घेऊन फिरायच्या, तो आता राइस मिलमध्ये वजनकाट्यावर असतो. तिथली नर्स तरुण पोरगी. माझं झाल्यावर त्याला म्हणाली, "दादा, तुमचंही पाहून घेऊ." हा हसला. "माझं काय पाहता? मी तं बैलासारखा हाओ." तिने पाहिलं, थोडं बसवून ठेवून पुन्हा पाहिलं. त्याचं माझ्याहून जास्त निघालं. मग तिने मला विचारलं, "काकू, घरात मीठ किती लागते?" मी जरा अभिमानानेच म्हटलं, आमच्याकडे सेंधाच जास्त असतं. "काकू, सेंधा घ्या का साधं घ्या, मीठ ते मीठच," ती म्हणाली. माणशी दिवसभरात एक लहान चमचा, त्यातच लोणचं, पापड, बाहेरचा चिवडा सगळं आलं. आणि हे बीपी असलेल्यानेच नाही, सगळ्या घरानेच पाळायचं. मी मान हलवत होते, पण मला मिटलेले डोळे दिसत होते. आणि आई, ते तुमचे नव्हते, त्याचे होते.

घरी आल्यावर सांगितलं, तर हे म्हणतात, "तुले बीपी हाय, तं तू खा अळणी. आमाले कायले बिमार पाडून राहिली?" मुलाचंही निघालं म्हटलं, तर म्हणे थकून आला असन, मिलमधल्या पोट्ट्याले कुठलं बीपी. मग मी मीठ घालायच्या आधी माझं वरण वाटीत काढून ठेवू लागले. पण ज्याच्यासाठी जीव खालीवर होत होता तो खाऱ्याच पातेल्यातलं जेवत होता. तेव्हा हाताला आवर घालायचं ठरवलं. ते सोपं नाही. नैवेद्य दाखवायच्या आधी चव घ्यायची नाही, ही तुमची शिस्त, त्यामुळे मीठ माझ्या जिभेला ठाऊकच नाही, हाताला ठाऊक आहे. आणि तो हात तुम्ही घडवलेला. मन दुसरीकडे गेलं की तो आपला चिमूट सोडून मोकळा. आधणातलं मीठ बंद केलं, कोणाला कळलं नाही. वरणातलं कमी केलं, लगेच कळलं. "काहून वं, मिठातबी काटकसर?" दोघं बापलेक हसले. पानात वाढणं थांबवलं, तर पहिल्याच घासाला यांची हाक, "मीठ आण." मी आणायची. रोज. तोंडाने नको म्हणायचं आणि बरणी नेऊन मुलाच्याही पानात वाढायचं, याचा मला फार थकवा आला, आई. स्वयंपाकाचा कधी आला नव्हता एवढा.

काल द्वादशी होती. नैवेद्य झाला, दोघांची पानं वाढली, आणि मी माझंही वाढून घेतलं आणि त्यांच्या पंगतीत बसले. मुलगा पाहतच राहिला. "आई, तू बसली?" बायकांनी मागून जेवायचं, ही आपल्या घरची रीत कोणी मोडलेली त्याने पाहिलीच नव्हती. यांनी एक घास घेतला आणि म्हणाले, "मीठ आण वं."

"अजी, मी जेवून राहिली ना. भरल्या पानावरून उठत नाई."

यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. बरणी फळीवर, दहा पावलंही नसतील. पण तुम्ही यांना लहानपणी लावलेलं वळण, अर्ध्या जेवणातून उठलं की अन्नपूर्णा रुसते. हे साठीचे झाले, पण आजवर कधी पानावरून उठले नाहीत. मुलाला म्हणाले, तू आण. त्याचाही हात भातात. तो म्हणतो कसा, "बाबा, आता आजीलेच बोलवा मीठ आनाले." हे रागाने हसले, पुटपुटले, आणि जेवले. दोघंही जेवले. मुलाने भात पुन्हा वाढून घेतला. आजही मी बसले, आजही तसंच झालं. उद्या हे बरणी घेऊनच पानावर बसतील, मला माहीत आहे. तेव्हाचं तेव्हा पाहीन. निदान माझ्या हाताने मुलाच्या पानात पडणार नाही.

हा कागद कुठे पाठवायचा नाहीच. पाठकोरा आहे, मागच्या बाजूवर किराणा लिहीन. एवढं मात्र तुम्हाला सांगून ठेवते. हे दोघं समजतात, मी मिठासाठी डाव टाकून बसले. तसं नाही. काल माझे पाय भरून आले होते म्हणून मी बसले. मिठाचं तर यांनी हाक मारल्यावर सुचलं. आणि भात गरम होता, आई. अळणी होता, पण गरम होता. मला उठावंसंच वाटलं नाही.