नारळाच्या पिशवीतलं पुस्तक

प्रिय अक्का,

पुन्हा तेच! तुझ्या पुस्तकाच्या चाळीस प्रतींचा गठ्ठा मी रद्दीत घातला आणि त्या पैशांत सिनेमे बघितले, असं परवा फोनवर तिसऱ्यांदा म्हणालीस, आणि मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवलास. वर म्हणे पलंगाखालचे बाकीचे गठ्ठेही भोगीच्या होळीत जुन्या चटयांबरोबर जाळणार, आणि यापुढे एक ओळ लिहिणार नाही. म्हणून हे पत्र. आठवी नापास भावाचं शुद्धलेखन हवं तर लाल पेनाने तपास, पापनाशमच्या शाळेत तपासतेस तसं. पण शेवटपर्यंत वाच.

दोन वर्षं मी पुण्यात सदाशिवरावांच्या पुस्तक-प्रदर्शनाचा टेम्पो चालवतो. गाठोडी उतरवायची, टेबलं मांडायची आणि दिवसभर माणसं बघत उभं राहायचं. अक्का, पुस्तक कसं विकत घेतात ते मी बघितलंय! पहिलं पान कुणी उघडत नाही. मधलंच कुठलं तरी उघडतात, उभ्या उभ्या चार ओळी वाचतात. ओठ हलले, की हात खिशाकडे गेलाच समज. आणि तुझ्या स्वयंपाकघरातल्या गोष्टींच्या पुस्तकात आधी अकरा पानं काय, तर आशीर्वाद! वेंकटराव मामांचे, वरुणरावांचे, भावजींच्या साहेबांचेसुद्धा. स्वयंपाक कधी सुरू व्हायचा? उडदाच्या पिठाची डांगर पच्चडी येईपर्यंत माणूस उपाशी घरी जाईल.

किंमतही छापली नाहीस. लाज वाटली म्हणालीस. किंमत नसलेलं पुस्तक लोक लग्नपत्रिकेसारखं घेतात आणि पत्रिकेसारखंच ठेवून देतात. ओरत्तनाडूला मामांच्या मुलीच्या, रम्याच्या लग्नात तू दोनशे प्रती पाहुण्यांना द्यायच्या तांबूलाच्या पिशवीत नारळाबरोबर घातल्यास, आठवतं? सगळ्यांनी डोळ्यांना लावलं, तुला वा भागीरथी म्हणाले, आणि देवघरात नेऊन ठेवलं. वाचणार कोण? आपल्या तंजावरच्या माणसांना बोलायला मराठी, वाचायला तमिळ. तुझ्या हरिणीला घरातलं सगळं बोलणं कळतं, पण बाळबोध अक्षर दिसलं की हसून पळते. मला तरी कुठे आलं असतं, तू पाटीवर गिरवून घेतलं नसतंस तर? पुस्तक वाईट नव्हतं गं. आपण ते चुकीच्या पिशवीत घातलं.

आता नीट ऐक. पलंगाखालचे गठ्ठे संपले की दुसऱ्या वेळी छापताना आशीर्वाद शेवटी, एका पानात. डाव्या बाजूला हीच आपली मराठी, उजव्या बाजूला तीच तमिळ अक्षरांत. ते हरिणी फोनवर टाइप करेल. पाचशे प्रती नको, दीडशे छाप. मागे किंमत टाक, ठसठशीत. फुकट कुणालाही नाही, मामांनाही नाही. रुसले तर रुसू देत. आणि एकतिसावं पान पहिलं कर.

एकतिसावंच का, तर ऐक. तो गठ्ठा मी चोरला, ते कबूल. विचारलं असतं तर तू दिला नसतास, म्हणून कपड्यांखाली घालून आणला. इतके महिने टेबलावर मांडायची हिंमत होत नव्हती. नाही खपला तर तुला काय तोंड दाखवू? गेल्या रविवारी मांडला. एका बाईंनी एकतिसावं पान उघडलं, वेंकूबाई आत्या हिंगावरून जावेशी भांडते ते. उभ्या उभ्या इतक्या हसल्या, की त्यांनी बाजूच्या दोघींना बोलावून मोठ्याने वाचून दाखवलं. आमच्या आजीची भाषा अशीच होती, म्हणाल्या, आणि तीन प्रती घेतल्या! किंमत विचारली तर माझ्या तोंडून दीडशे निघून गेले. संध्याकाळपर्यंत टेबल रिकामं. एक प्रत मी ठेवून घेतली, ती देणार नाही. बाईंनी विचारलंय, पुढचं कधी? मी सांगून बसलोय, लिहिणं चालू आहे. मला खोटं पाडू नकोस. भोगीला चटया जाळ, गठ्ठे पार्सलने इकडे पाठव.

तुझाच चोर भाऊ,
साईराम

एकोणचाळीस प्रतींचे, सदाशिवरावांचा तिसरा हिस्सा वजा करून, हरिणीच्या फोनवर टाकलेत: तीन हजार नऊशे रुपये.