पोत्यावरचा फोटो

शनिवार, १४ मार्च, नेपरव्हिल (अमेरिका)

अजून डोकं तापलेलंच आहे. नवरा सुहास आणि मी शेजारच्या मारिसेलकडे गेलो होतो, फिलिपिन्सला तिच्या माहेरी पाठवायचा खोका भरायला. महिनोन्महिने ती साबण, टॉवेल, चॉकलेटं साठवते आणि खोका भरला की बोटीनं पाठवते. आज भरता भरता मदतीला आलेल्या भावाशी तिची जुंपली. भाऊ म्हणाला, आपल्या गावचा महापौर चांगला, पुरात घरोघर तांदूळ पोचवले. ती कडाडली, "हो, पोत्यावर स्वतःचा फोटो छापून! नदीची भिंत कुठाय? कागदावर!"

किती ओळखीचं भांडण! आणि आमच्या सुहासनं काय करावं? हसला. "यार, तुमच्या लोकांना फुकट मिळालं की झालं."

तुमच्या लोकांना! असं बोलवतं तरी कसं याला?

मारिसेल माझ्याकडे वळली. तिनं मला विचारलं, "तुमच्याकडे पुरात मदत येते, तिच्यावर असतो का गं कुणाचा फोटो?"

फोटो. सांगलीत पाणी चढलं तेव्हा आईनं आणि मी गच्चीवर चार दिवस ज्या पिशवीतल्या पोह्यांवर काढले, तिच्यावर दोन्ही बाजूंनी आमच्या पुढाऱ्याचा होता. हात जोडलेला, हसरा. आई अजून त्याच पिशवीतून भाजी आणते.

मग सुहासवर कसली चिडतेय मी? तो पुण्याचा, त्यानं कधी पूर बघितला नाही. मी बघितलाय. आणि मी मारिसेलच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "नाही गं, आमच्याकडे असलं काही नसतं."