लाल झालेला नंबर

३ नोव्हेंबर, सोमवार
आज चार अनोळखी नंबरांवरून फोन. एकही उचलला नाही. दुपारी दुकानात मोटर वाइंडिंग चालू असताना त्यातला एक तीनदा वाजला — चिकाटी बघा! चारही नंबर, फोन कोणाचा ते सांगणाऱ्या ॲपमध्ये टाकले, नियमाप्रमाणे प्रत्येकापुढे 'फसवणूक' दाबलं आणि ब्लॉक केले.
उर्वशी म्हणाली, "दादा, एखादा खरा असला तं?"
खरा माणूस आधी मेसेज करतो.

५ नोव्हेंबर
ॲपमध्ये स्वतःचा नंबर शोधला. मी 'हिरासिंग बोअरवेल' आहे! हे सिम आधी त्याचं असणार. मग माणसं शोधून देणाऱ्या एका वेबसाइटवर माझं नाव टाकलं. वय त्र्याहत्तर, मुक्काम झरी जामणी, पत्नी दोन. बोरी अरब सोडून मी दारव्ह्यापलीकडे फारसा गेलेलो नाही, आणि इथे एका पत्नीचाही पत्ता नाही.
आईचा नंबर शोधला — 'सत्यशिला बचत गट कटकट'. कटकट एक वेळ चालेल, पण शीला ऱ्हस्व? माझी अकरावी सुटली, तरी एवढं कळतं. आईला सांगितलं नाही. कोणी असं सेव्ह केलं असेल याचा विचार करत जेवलो. मावशीच असणार.

९ नोव्हेंबर, रविवार
ढाणकीचे पाहुणे उर्वशीला बघून गेले. मुलगा संघदीप, कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. बोलतो कमी. पोह्यांतले शेंगदाणे वेचून बाजूला ठेवत होता. उर्वशीने दुसरी प्लेट आणली ती बिनशेंगदाण्याची — कोणी न सांगता!
निघताना मला म्हणाला, "भाऊ, मागच्या हप्त्यात तुम्हाले फोन लावलता मी. नंबर देवरावकाकानं देलता."
म्हटलं, "मी अनोळखी नंबर उचलत नाही." मुलीकडचे सावध आहेत हे दिसलेलं बरं.
उर्वशीला विचारलं, कसा वाटला? "बरा हाये." आणि धुतलेले कप परत धुवायला घेतले.

१० नोव्हेंबर
सकाळीच मारोतीमामा. चप्पल न काढता फोन पुढे धरला. संघदीपचा नंबर आणि वर लाल पाटी — 'फसवणूक'!
"पाह्य, रवी! पोरगी देऊन राह्यलो का इहिरीत ढकलून राह्यलो?"
उर्वशी आतून आली. "मामा, याच ॲपात दादा बोअरवेल हाये न!"
"ते नाव होय. नाव चुकते. हे लाल हाये."
मी माझ्या फोनवर बघतो म्हटलं, तर मामा भडकला. "काहून? माह्या फोनले मोतीबिंदू झाला का?"
पण मामाचं मला पटलं. गमतीत नाव कोणीही टाकेल. फसवणुकीचा आरोप माणूस विचार करूनच करतो. देवरावकाकांनी ही सोयरीक सुचवली, त्यांच्याच तोंडी नकार कळवला.

१३ नोव्हेंबर
उर्वशी बोलत नाही. भाजीला मीठ बरोबर, पण ताट आपटते.
आज एवढंच म्हणाली, "दादा, त्यायले एक फोन तं लावून पाह्याचा होता."
लाल नंबरला मी फोन लावू?

१४ नोव्हेंबर
ताट आपटणं चालूच.

१५ नोव्हेंबर
मामाकडून संघदीपचा नंबर घेतला. त्याने किती जणांना गंडवलं ते उर्वशीला एकदा दाखवावं म्हणून माझ्या फोनवर शोधला.
तक्रारी — १.
खाली बारीक अक्षरांत : 'ही तक्रार तुम्ही केली आहे. ३ नोव्हेंबर.'
तक्रार मागे घेतली. ब्लॉक काढला. फोन लावला. वाजतोय, उचलत नाही. पुन्हा लावला. पुन्हा.
तिकडे 'हिरासिंग बोअरवेल' दिसत असेल.