सुधारणेस वाव

१२ सप्टेंबर १९७७, सोमवार

प्राचार्यांनी बोलावलं. हॉटेल आणि पर्यटन पदवीच्या वर्गाची तपासणी मी करायची! नोव्हेंबरात विद्यापीठाची समिती येणार. त्याआधी कॉलेजचा स्वतःचा अहवाल हवा. वर्ग चालू ठेवण्यालायक आहे का, एवढंच लिहायचं. "मॅडम, तुम्ही अर्थशास्त्राच्या. तटस्थ राहाल." मी दारापर्यंत गेले तेव्हा म्हणाले, "तुम्हाला कायम करायचा कागद पण आहेच माझ्याकडं."

नुसतं आहे म्हणाले. बाकी काही नाही.

१३ सप्टेंबर

रात्री नवऱ्याला सांगितलं. तातेराव हसून राह्यले. "जालन्यात हॉटेल म्हंजे चहा अन् भजे. त्याची कसली डिग्री?" पण मी आकडे काढले. अजिंठा-वेरूळला परदेशी लोक वाढलेत, औरंगाबादला मोठी हॉटेलं निघताहेत. पोरांना काम मिळेल. वर्ग वाईट नाही.

२० सप्टेंबर

प्रात्यक्षिकाला गेले. नवी शेगडी, पांढरे एप्रन, चौदा विद्यार्थी. तेरा जण शेगडीभोवती. एकटी बेबीनंदा मोरीजवळ, भांडी घासत.

नोंदवही मागितली. अडीच वर्षांची सगळी पानं उलटली. तिच्या नावापुढं टेबल मांडणं, खोली आवरणं, भांडी. स्वयंपाक एकदाच — पहिल्या वर्षी, कांदा चिरणं.

विभागप्रमुख काकासाहेब सर गोड बोलतात. "प्रात्यक्षिकाचं जेवण स्टाफ खातो, मॅडम. संस्थेचे लोक येतात. उगं कुणाला अडचण नको."

माझ्याशी बोलताना हे! की माझ्याशी म्हणूनच?

२२ सप्टेंबर

बेबीनंदा बदनापूरहून गाडीनं येते. स्टेशनपर्यंत तिच्यासोबत चालत गेले.

"कांदा चिरला त्या दिवशी काय झालं?"

"कुणी जेवलंच न्हाई, मॅडम. सगळ्या सरांना उपास निघाला. बुधवारी!"

ती हसली. मला हसता आलं नाही. छप्पनला वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. ही त्याच वर्षी जन्मली. जन्मापासून बौद्ध. तरी मोरीजवळच.

२५ सप्टेंबर

सगळं लिहिलं. तारखांसकट, चार पानं.

तातेरावांनी दोनदा वाचलं. "खरं है. पण वर्ग बंद पडला तर पोरीचे अडीच वर्षं गेले. अन् तुझी नोकरी?"

२६ सप्टेंबर

मसुदा टाइप करायला ऑफिसात वसंताकडं दिला.

२८ सप्टेंबर

संध्याकाळी बेबीनंदा घरी आली. चहाला हात लावला नाही.

"मॅडम, माझं काही लिहू नका. डिग्री हाती येऊ द्या. मंग मी पाहून घेईन."

ती गेली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे इथं लिहायलाच पाहिजे. सुटल्यासारखं वाटलं!

३० सप्टेंबर

अहवाल दिला. "प्रात्यक्षिकाच्या कामवाटपात सुधारणेस वाव आहे." पाच शब्द. तिची अडीच वर्षं त्यात बसवली.

१५ ऑक्टोबर

कायम झाले. स्टाफरूममध्ये पेढे वाटले. सगळ्यांनी घेतले. दोघांनी टेबलाच्या खणात ठेवले — नंतर खाऊ म्हणाले.

१८ नोव्हेंबर

समिती आली. तिघं जण, त्यात वयस्क गिरिजाबाई. जेवण चांगलं झालं. काकासाहेब सर खुशीत. तेवढ्यात गिरिजाबाई उठून थेट स्वयंपाकघरात. प्रत्येकाला एकच प्रश्न, "तू काय केलंस?" पुलाव. सूप. खीर.

"भांडी," बेबीनंदा म्हणाली.

"आणि मागच्या वेळी?"

"भांडीच."

काकासाहेब सर म्हणाले, तिला तेच आवडतं. गिरिजाबाईंनी माझा अहवाल उघडला. "मॅडम, यालाच तुम्ही सुधारणेस वाव म्हणता?"

बेबीनंदा माझ्याकडं पाहत होती. मी मान खाली घातली.

जाताना त्या हळूच म्हणाल्या, "लेखी द्याल? वाट बघते."

१९ नोव्हेंबर

प्राचार्य — "मान्यता येऊन राह्यली. तुम्ही फक्त गप बसा."

२४ नोव्हेंबर

बेबीनंदाला गाठून माफी मागितली. म्हटलं, तूच लिहू नका म्हणालीस म्हणून —

"मी कुठं आल्ते, मॅडम? मला धाडल्तं."

वसंताच्या टाइपरायटरवरचा मसुदा प्राचार्यांनी वाचला होता. तिला बोलावून म्हणाले, डिग्री पाहिजे ना? मग मॅडमला समजाव. ती रडत आमच्या गल्लीपर्यंत आली, तोंड पुसलं, आत आली.

"मला वाटलं, तुम्ही तरी म्हणताल, मी लिहिणारच."

२५ नोव्हेंबर

ती चार पानं पुन्हा लिहून काढली. खाली एक ओळ वाढवली — हे मला २० सप्टेंबरपासून माहीत होतं आणि मी लपवलं. सही केली. तातेराव सोबत पोस्टात आले. गिरिजाबाईंना रजिस्टर करून पाठवलं. परतताना ते एवढंच म्हणाले, "बराबर केलं."

९ फेब्रुवारी १९७८

मान्यता आली. एकाच वर्षाची, आणि अट घालून — स्वयंपाकाची पाळी प्रत्येकाला. दुसऱ्या पाकिटात माझी बदली. कुंभार पिंपळगाव, संस्थेची शाळा. सोमवारी हजर व्हायचं. तातेराव इथंच राहतील.

दुपारी बेबीनंदाची पहिली पाळी. वरण, भात, वांग्याची भाजी. पंगतीला स्टाफचे तेरा जण. दहा उठून गेले. तिघं मान खाली घालून बसून राहिले. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, "वाढ."