केबिनमधला कुबट वास

बाबा,

मी कामावर जातेय. जेवण झाकून ठेवलंय, गार खाऊ नका.

तुमच्या लेकाच्या शिडाच्या बोटीत कुबट वास कशाने येतो, ते आज एकदाचं सापडलं. किती दिवस वेड्यासारखी केबिन घासतेय मी! गाद्या उन्हात टाकल्या, फळ्या व्हिनेगरने पुसल्या, तळाशी साचलेलं पाणी उपसलं. वास ढिम्म हलेना. बोट घ्यायला आलेले लोक नाकाला रुमाल लावून परत गेले, आणि तुम्ही म्हणालात, "जुनी बोट आहे, व्हायचंच."

आज हवा यायच्या भोकात हात घातला, तर तुमची लोकरी टोपी निघाली. गच्च कोंबलेली, आणि पाऊस नसतानाही ओलीचिंब.

असा राग आला म्हणून सांगू! तो भांडून गेला तेव्हा "विकून टाकतो बोट, त्याचं नाव काढू नकोस" असं मला बजावणारे तुम्हीच ना? टोपी काढून उन्हात टाकली. केबिनमध्ये छान वारा खेळायला लागला. मग जरा वेळ त्याच्या जागेवर बसून राहिले. तो आलाच, तर आधी धक्क्यावर जाऊन बोट बघेल, मग आपल्या घराची पायरी चढेल. तुम्हालाही ठाऊक आहे.

संध्याकाळी नवं गिऱ्हाईक येतंय. त्याआधी धक्क्यावर धावत जाऊ नका, गुडघे दुखतील. टोपी होती तिथेच परत कोंबली आहे. चांगली भिजवून.

— सूनबाई